रजनीबाईंची गाणी, अण्णांचे शब्द

होळी होऊन गेली की भोसरीच्या उड्डाणपुलाखाली उभं राहूनही मला गावचा वास येतो. नाशिक रस्त्यानं कांद्याचे टेम्पो यायला लागलेले असतात. जाळीच्या गोण्यांमधून तो वास बाहेर पडतो, थोडा तिखट, थोडा मातीचा, थोडा उन्हात पडलेल्या पातीचा. गेल्या आठवड्यात असाच एक टेम्पो सिग्नलला माझ्या स्कूटीशेजारी येऊन थांबला. ड्रायव्हरनं मोठ्या आवाजात गाणं लावलं होतं. आमच्या घरात त्याला 'विहिरीचं गाणं' म्हणतात. सिग्नल सुटला, टेम्पो पुढं गेला, माझ्या मागचे लोक हॉर्न वाजवत राहिले आणि मी हेल्मेटच्या आत उरलेलं कडवं पुरं करत तशीच उभी होते.

आमच्याकडे गाण्यांची खरी नावं कुणाला ठाऊक नसायची. ती माझ्या वडिलांनी, अण्णांनी ठेवलेली. वरच्या शेतात विहीर खणत होते तेव्हा कामगारांच्या रेडिओवर जे लागायचं ते विहिरीचं गाणं. माझ्या आत्याला बघायला पाहुणे आले आणि तिनं घाबरून चहात मीठ घातलं, तेव्हा ओसरीवर जे चालू होतं ते पावण्यांचं गाणं. माझं जावळ काढलं त्या दिवशीचं जावळाचं गाणं. गाणाऱ्यांनाही तशीच नावं. एक बाई 'गुळाची', एक बुवा 'घोगरा'. आणखी एक होता, त्याचं प्रत्येक गाणं ऐकताना वाटायचं की याच्या घरचं कुणीतरी आजारी आहे. त्याला अण्णा 'बिचारा' म्हणायचे. "आज बिचारा लई गोड लागला," असं ते जेवताना म्हणाले की आई हसायची.

अण्णा स्वतः कधी गायले नाहीत. त्यांचं काम ऐकण्याचं. महाळुंगे पडवळच्या आमच्या रानात त्यांचा रेडिओ गोठ्याच्या खुंटीला, नाहीतर आंब्याच्या फांदीला लटकलेला असे. बटाटा काढायला असो की कांद्याला पाणी भरायला, गाणं संपेपर्यंत ते वाफ्याचं दार बदलायचे नाहीत. पाणी वाफा भरून वरून वाहायचं, आई लांबून ओरडायची, आणि अण्णा खोऱ्यावर हनुवटी टेकवून शेवटची ओळ ऐकत उभे असायचे. मला वाटतं, गाणाऱ्याला खरा मान देणं म्हणजे हेच. टाळ्या कुणीही वाजवतं. वाफा फुटला तरी जागचं न हलणारा माणूस विरळा.

रेडिओवरचे गाणारे त्यांना कधी दिसले नाहीत. त्यांना दिसलेली गाणारी एकच, रजनीबाई.

रजनीबाई मंचरच्या एका बँडमध्ये गायच्या. लग्नाच्या मिरवणुकीत पुढं वाजवणारे आणि मागं चाकांची बँडगाडी, दोन कर्णे लावलेली, लाल-पिवळ्या झालरीची. तिच्यावर डोक्यावर पदर घेऊन, एका हातानं गाडीचा दांडा आणि दुसऱ्या हातात माईक धरून त्या उभ्या असायच्या. खड्ड्यातून गाडी गेली तरी आवाज हलायचा नाही. नवरा त्याच बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचा. लोकांना जे गाणं हवं ते त्या गायच्या. दोघांचं गाणं असलं तर एकट्याच दोघांच्या ओळी म्हणायच्या. पुरुषाची ओळ आली की हनुवटी छातीकडे घ्यायच्या, बाईची आली की मान वर करायच्या. लहानपणी आम्ही पोरी घरी येऊन आरशासमोर तेच करून बघायचो.

लग्न कुणाचंही असो, अण्णा बँडगाडीच्या कडेनं चालायचे. नवरदेवाशी नातं असो वा नसो. मध्येच मान वर करून म्हणायचे, "बाई, ते विहिरीचं व्हऊ द्या." सुरुवातीला रजनीबाई गोंधळल्या असतील. पुढं त्यांनाही अण्णांची नावं पाठ झाली. कुठल्याशा लग्नात त्यांनी माईकवरूनच सांगितलं होतं, "आता महाळुंग्याच्या अण्णांसाठी, पावण्यांचं गाणं." लोकांना काही कळलं नाही. अण्णा मात्र लाजून गाडीच्या पलीकडच्या बाजूला गेले.

माझ्या लग्नातलं सांगायला हवं. नवरदेव मारुतीच्या देवळापासून मांडवाकडे निघाला होता. ऊन चांगलंच होतं. शाळेपाशी मिरवणूक आली आणि जनरेटर बंद पडला. कर्णे मुके झाले. वाजवणाऱ्यांनीही दम खायला म्हणून वाद्यं खाली घेतली. रजनीबाईंचं कडवं अर्ध्यावर होतं. त्यांनी माईक झालरीत खोचला आणि पुढची ओळ तशीच म्हटली. मी शेजारच्या घराच्या माडीवर हिरवा चुडा भरून बसले होते. मैत्रिणींची बडबड चालली होती ती आपोआप थांबली. कर्ण्यातून वर्षानुवर्षं ऐकलेला तो आवाज आत असा आहे हे कुणालाच माहीत नव्हतं. बारीक नव्हता, गोडही म्हणता येणार नाही. उन्हात धुतलेलं जाडंभरडं लुगडं असतं ना, तसा. स्वच्छ. आजही मला रडू येतं ते सासरी जातानाच्या आठवणीनं नव्हे, त्या अर्ध्या कडव्याच्या आठवणीनं.

आणि त्याच दिवशी, पंगती उठल्यावर, मी त्यांना मांडवाच्या मागं जेवताना पाहिलं. बँडवाल्यांची पंगत शेवटची, तीही मागच्या बाजूला. जिलेबी संपली होती. नवरीच्या वेषातच मी माझ्या वाटची नेऊन दिली. त्या म्हणाल्या, "राहू दे बाय, मला गोडानं घसा धरतो."

त्यानंतर डीजे आले. भिंतीएवढे स्पीकर, खिडक्यांच्या काचा थरथरणाऱ्या. बँड एकेक करून मोडले. रजनीबाईंचे मालक, ते क्लॅरिनेटवाले, वारले असं कुणाकडून तरी कानावर आलं. मी माझ्या संसारात, कंपनीतल्या नोकरीत, मुलांच्या परीक्षांत. एवढा ओळखीचा आवाज बंद झाला, आणि तो बंद झालाय हे कुणाच्या लक्षातही आलं नाही.

ज्या वर्षाबद्दल लिहिते आहे, त्या वर्षी कांदा चांगला आला होता. काढणी चालू होती. डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला असलेल्या डोंगरातल्या गावांमधून बायका कामाला आल्या होत्या. सकाळी कांदा उपटता उपटता अण्णा वाफ्यात खाली बसले. माझ्या भावाला, संतोषला वाटलं, पाठ भरून आली असेल. जवळ गेला तर तोंड एका बाजूला गेलेलं. आधी मंचर, मग पुणे. जीव वाचला. उजवा हात आणि पाय हळूहळू कामाला लागतील असं डॉक्टर म्हणाले. पण वाचा गेली.

मी रजा टाकून गावी आले. अण्णा ओसरीच्या खाटेवर बसलेले. मला पाहिल्यावर डोळे भरले आणि तोंडातून आलं, "ता." मी म्हटलं, "काय अण्णा?" पुन्हा "ता." ताट हवं का, शेजारच्या तात्यांना बोलवायचं का, ताप आलाय का, सगळं विचारून झालं. प्रत्येक वेळी ते मान हलवत आणि जास्तच चिडत. त्यांना सगळं समजत होतं, तेच वाईट होतं. आत शब्द तयार असायचा आणि बाहेर येताना त्याचा "ता" व्हायचा. आठवड्याभरात त्यांनी तेही सोडून दिलं. भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागले. ताटातलं अर्धं तसंच राहायचं. आईनं रेडिओ लावला तर डाव्या हातानं बंद केला.

काढणी मात्र थांबत नाही. कांदा उपटून वाफ्यात वाळत घातलेला, आंब्याखाली बायका विळ्यानं पात कापताहेत, संतोष आणि वहिनी बराखीत, म्हणजे कांदा साठवायच्या त्या जाळीच्या खोपीत, पाट्या रिकाम्या करताहेत. डोळ्यांना कांदा झोंबत होता, म्हणून कोण कशानं रडतंय हे कळत नव्हतं. ती एक सोय होती.

अण्णांची खाट आम्ही दुपारी आंब्याखाली आणायचो. रस्ता तिथून जवळ. पारगावच्या कारखान्याचा हंगाम संपत आला होता, उसाचे ट्रॅक्टर शेवटच्या खेपा करत होते. ते लांबूनच कळतात, दोन ट्रॉल्यांच्या खडखडाटावर मात करतील एवढी मोठी गाणी लावलेली असतात. गाणं दुरून येतं, तुमच्यावरून जातं आणि वळणावर विरतं. त्या दुपारी जे आलं ते विहिरीचं गाणं होतं. मी अण्णांची पाठ पुसत होते. ट्रॅक्टर पुढं गेला, गाणं वळणाआड झालं, आणि माझ्या हाताखाली पाठ थरथरली. अण्णा ओळ पुरी करत होते. सूर घोगरा, वेडावाकडा, पण शब्द सगळे होते. पाच-सहा शब्दांची अख्खी ओळ, एकही "ता" नाही.

आई कांद्याची पाटी घेऊन येत होती. ती तिथंच खाली बसली. "आत्ता कोन बोललं?" तिनं विचारलं. अण्णा आमच्याकडे बघत होते. माझ्याइतकेच चकित झालेले. मी म्हटलं, "अण्णा, पुन्हा म्हणा." त्यांनी तोंड उघडलं. "ता."

मंचरला एक तरुण मॅडम वाचेचे उपचार करायच्या. त्यांना सांगितलं तर त्यांना नवल वाटलं नाही, आनंद झाला. त्या म्हणाल्या, बोलणं आणि गाणं डोक्यात एकाच जागी नसतं. एका घरात आग लागली तरी शेजारचं घर शाबूत राहतं, तसं समजा. काहींना गाण्याच्या वाटेनं शब्द परत आणता येतात, सगळ्यांना नाही, पण प्रयत्न करू. त्यांनी पद्धत समजावून दिली. सावकाश गायचं, त्यांच्या डाव्या हातावर ताल धरायचा, ते अडले की थांबायचं.

मी फोनवर गाणी लावून पाहिली. फोन कुणासाठी थांबत नाही. अण्णा पहिला शब्द पकडेपर्यंत गुळाची पुढच्या ओळीवर गेलेली असायची. मी गाऊन पाहिलं, पण मला सूर नाही. अण्णांनी इतक्या दिवसांत पहिल्यांदा तोंड वाकडं केलं ते दुखण्यानं नव्हे, माझ्या गाण्यानं. आईनं त्या दिवशी रात्रीचा भात घालता घालता सहज म्हटलं, "ती बँडवाली रजनी आसती तर."

पत्ता शोधायला वेळ लागला नाही. मंचरच्या एसटी स्टँडमागच्या गल्लीत गच्चीवर त्या कुरडया घालत होत्या. उन्हाळ्यात त्यांचा तोच व्यवसाय. अंगानं वाळलेल्या, केस पांढरे. मी ओळख सांगितली. महाळुंग्याचे अण्णा म्हटल्यावर हसल्या. "विहिरीचं गानं," त्या म्हणाल्या, आणि मी दचकले. आवाज पार गेला होता. पत्र्यावर वाळू ओतल्यासारखा खरखरत होता.

"बघितलंस नव्हं," त्या म्हणाल्या. "कर्न्यावर वरडून वरडून घशात गाठी झाल्या. काढल्या डाक्टरनी. पर आवाज त्यांच्यासंगंच गेला. मालक गेल्यापासून मी गुनगुनतसुदिक न्हाई. लोकांच्या कानात माझं गानं हाये ते ऱ्हाऊ दे. आता हे ऐकवून त्याच्यावर माती कशाला टाकू."

मी अण्णांचं सगळं सांगितलं. "ता" म्हणण्याचं, भिंतीकडे तोंड करून पडण्याचं, ट्रॅक्टरचं. त्या कुरडयांवरून हात फिरवत ऐकत होत्या. मी उठले तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "कोनती वळ म्हनलं त्यांनी?" मी सांगितली. "ती अवघड वळ हाये," त्या म्हणाल्या. "तिथं मी सुदा चुकायची."

दुसऱ्या दिवशी दुपारी आमच्या फाट्यावर त्या जीपमधून उतरल्या.

अण्णांनी त्यांना पाहिलं आणि चादर तोंडावर ओढली. वाकडं तोंड त्यांना दिसू नये म्हणून. रजनीबाई खाटेशेजारच्या गोणीवर बसल्या. पाणी प्यायल्या. मग चादरीकडे बघत म्हणाल्या, "अण्णा, भर उन्हात गाडीचा दांडा धरून चाललात तव्हा लाज न्हाई वाटली. आता कशापायी? तुमची वाचा गेली, माझा गळा गेला. कोन कुनाला हसनार हाये?" चादर हलली नाही. मग त्या गायला लागल्या.

खरं सांगायचं तर ते गाणं ऐकवत नव्हतं. वरचा सूर लागत नव्हता, तिथं नुसतीच हवा यायची. पात कापणाऱ्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. पण तालाला बोट ठेवायला जागा नव्हती, आणि वाट बघणं असं की जणू दिवसभर दुसरं कामच नाही. ओळीच्या शेवटच्या शब्दाआधी त्या थांबल्या. चादरीखालून काही आलं नाही. पुन्हा तीच ओळ. पुन्हा थांबल्या. आंब्यावरून एक कैरी पडली, एक बाई ती उचलून पुन्हा जागेवर येऊन बसली, तरी त्या थांबलेल्याच. आणि मग चादरीखालून तो शब्द आला, सुरात, "पानी."

रजनीबाईंनी लगेच पुढची ओळ धरली.

त्या रोज यायला लागल्या. माझी रजा वाढत गेली. ती दुपार म्हणजे आमच्या घराची शाळा झाली. अण्णांचा डावा हात त्यांच्या हातात, त्यावर ताल, आणि गाणं हळू, अगदी हळू. आजवर ऐकलेल्या गाण्यांतले शब्द मी पहिल्यांदाच असे सुटे सुटे पाहिले. पाणी, रान, ये, जा, बस, ऊन, दार, दूर. माणसाला दिवसभरात लागतं ते बहुतेक सगळं गाण्यांमध्ये आहे. कुणीतरी कवीनं कधीतरी बसून लिहिलं, कुणी चाल लावली, मुंबईच्या स्टुडिओत कुणी गुळाची येऊन गाऊन गेली. तिला काय माहीत, तिची एक ओळ आंबेगाव तालुक्यातल्या एका माणसाच्या डोक्यात इतकी वर्षं जपून राहील आणि घर जळाल्यावर तेवढंच हाती लागेल. आपण त्या गाण्यांना करमणूक म्हणतो. मी आता तो शब्द वापरत नाही.

अण्णांना तहान लागली की ते विहिरीच्या गाण्याच्या चालीवर "पानी" म्हणायचे. बाहेर जायचं असलं की दुसऱ्या एका गाण्यातलं "दूर". आम्हाला त्यांची भाषा कळायला लागली. संतोषला मात्र अवघड व्हायचं. रस्त्यानं जाणारे थांबून बघायचे. कुणीतरी म्हणालं, म्हाताऱ्याला चळ लागला, गाऊन पाणी मागतो. संतोष चिडून मला म्हणाला, "ताई, बास कर आता. लोक हसत्यात. मंचरच्या बाजारात मला इचारत्यात, तुझा बाप तमाशात गेला काय म्हनून." तो उन्हातान्हात एकटा राबत होता, त्याचंही खोटं नव्हतं. पण त्याच संध्याकाळी अण्णांनी खाटेवरून "पानी" अशी तान घेतली आणि बराखीतून संतोषचा आवाज आला, त्याच चालीवर, बेसूर, "आ-न-तो". आई वहिनीच्या खांद्यावर डोकं ठेवून हसत राहिली.

आणखी एक दिवस आठवतो. त्या दिवशी रजनीबाईंनी नवीनच गाणं घेतलं. त्यात नदीचं नाव येत होतं, यमुना. माझ्या आईचं नाव यमुना. अण्णांनी तिला जन्मात नावानं हाक मारली नव्हती. "अगं" नाहीतर "ऐकलं का", आमच्याकडे सगळ्याच घरांत तसं. रजनीबाईंना आईचं नाव ठाऊक नव्हतं. त्या ओळीत थांबल्या आणि अण्णांनी स्वच्छ, लांबवून म्हटलं, "यमुना."

आई चुलीपाशी होती. हातात पीठ तसंच घेऊन ती दारात आली. "मला बोलवलं?"

अण्णा तिच्याकडे बघत राहिले. मग पुन्हा म्हणाले. या वेळी चाल थोडी कमी होती.

"काय पाह्यजे?" आईनं विचारलं.

त्यांनी मान हलवली. काही नको होतं.

"मग कशाला हाका मारता," ती म्हणाली आणि आत गेली. बराच वेळ भाकरी थापल्याचा आवाज आला नाही.

मॅडमांनी पुढचा टप्पा सांगितला तो रजनीबाईंना सगळ्यात जड गेला. आता चाल काढून टाकायची. आधी गाऊन म्हणायचं, मग अर्धं गाऊन, मग नुसतं तालावर, मग साधं बोलायचं. रजनीबाई जीपची वाट बघत फाट्यावर उभ्या असताना म्हणाल्या, "जलमभर बेसुऱ्याला सुरात आनायचं काम केलं. आता सुरातनं भाईर काढायचंय." मी म्हटलं, "जमेल का?" त्या म्हणाल्या, "जमवायचं. पर वाईट वाटतं. माझ्याच हातानं माझं गानं पुसायचं." आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांनी तेच केलं. एकेक सूर काढून घेत, जशी मूल चालायला लागल्यावर आई बोट सोडत जाते. एवढं निर्मळ गाणं मी त्यांच्या ऐन भरातही ऐकलं नव्हतं, आणि ते गाणं नव्हतंच मुळी. माझ्या आवडत्या गायकांची यादी कुणी विचारली तर मी मोठमोठी नावं सांगते, ती खरीही आहेत. पण मनात पहिली रजनीबाई असते, तीही फाटलेल्या गळ्याची.

कांदा बराखीत भरून झाला. डोंगरातल्या बायका आपल्या नाचणीच्या रानांकडे परतल्या. जाताना त्यांतली एक अण्णांना म्हणाली, "बाबा, येतो आमी." अण्णा म्हणाले, "या." चाल नव्हती. आज ते बोलतात, अडखळत, छोट्या छोट्या वाक्यांत. फोनवर मला म्हणतात, "सुनी. जेवली. का." तीन शब्द, तीन पायऱ्या. घाईत असले तरी मी मध्ये बोलत नाही.

त्या वर्षीच्या यात्रेबद्दल सांगते आणि थांबते. वैशाखात आमच्या गावची यात्रा असते. बैलगाड्यांच्या शर्यतीसाठी घाट, म्हणजे गाड्या पळवायची धावपट्टी, सजतो, सकाळपासून माईकवर बैलांची आणि मालकांची नावं गाजत असतात. दुपारी बाऱ्या, म्हणजे शर्यतीच्या फेऱ्या, थोड्या थांबतात तेव्हा पाहुण्यांचे सत्कार होतात. त्या साली संतोषनं यात्रा कमिटीत जाऊन रजनीबाईंचं नाव दिलं. कमिटीतले काही म्हणाले, "बँडवालीचा सत्कार कशापायी राव?" संतोष म्हणाला, "तुमच्या सगळ्यांच्या लग्नात नाचलात ना तिच्या गान्यावर. मग." नाव यादीत चढलं.

रजनीबाई ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून आल्या होत्या. एवढी वर्षं गर्दीच्या वरती गाडीवर उभ्या राहिलेल्या, पण स्टेजवरच्या खुर्चीत बसताना अवघडल्या. निवेदक जोरात होता. "आता आपल्यासमोर सत्कार होत आहे मंचरच्या बँडवाल्या रजनीबाई यांचा. शाल आणि श्रीफळ देतील आपल्या गावचे अण्णा." लोकांनी टाळ्या वाजवल्या. अण्णा संतोषच्या आधारानं वर चढले. डाव्या हातानं शाल पांघरली, ती एका बाजूला घसरली, रजनीबाईंनीच सावरली. खाली उतरायचं तर निवेदकानं सवयीनं माईक पुढं केला. "अण्णांनी दोन शब्द बोलावेत."

आईनं माझा दंड धरला. अण्णांच्या वाचेचं निवेदकाला कुणी सांगितलं नव्हतं. संतोषनं माईक बाजूला करायला हात पुढं केला. गर्दीतलं कुणीतरी म्हणालं, "गानं म्हना अण्णा, पान्याचं." थोडे हसले. मलाही वाटलं, ते गातील. गायले असते तर सुटले असते, ती वाट आता पायाखालची होती.

अण्णा गायले नाहीत. माईककडे बघत उभे राहिले. ओठ जुळवले, सोडले, पुन्हा जुळवले. घाटाच्या वरच्या बाजूला बैल फुरफुरत होते, तेवढाच आवाज.

"बँड," ते म्हणाले. थांबले. "बँडवाली. न्हाई."

निवेदक काहीतरी बोलायला गेला. रजनीबाईंनी हात वर करून त्याला थांबवलं. तसाच हात, जसा आंब्याखाली शब्द अडला की धरायच्या. वाट बघणारा.

अण्णांच्या कपाळावर घाम आला होता. मान खाली घातली, वर केली. मग म्हणाले, "गा... यि... का."

आणि पुन्हा एकदा, सलग, घरात कुणाचं नाव सांगावं तितक्या साधेपणानं, "गायिका."

टाळ्या उशिरा आल्या, आल्या त्या खूप वेळ राहिल्या. निवेदकानं कागदाकडे पाहिलं, घसा साफ केला आणि पुन्हा पहिल्यापासून घोषणा केली. गायिका रजनीबाई.

संध्याकाळी मी त्यांना फाट्यावर सोडायला गेले. शाल घडी करून छातीशी धरलेली, नारळ पिशवीत. जीप लांबून दिसली तेव्हा म्हणाल्या, "सुनीता, त्यो शबुद मी न्हाई शिकवला."

"कुठल्या गाण्यात असेल," मी म्हटलं.

"कोनत्याच गान्यात न्हाई. मी आठवून बघितलं." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "त्यो त्यांनी त्यांचा आनला."